करडांना काढा-पावडर देताय? या चुका टाळा

शेवगा, हळद, ओवा मी स्वतः वापरतो आणि इतरांनाही वापरायला सांगतो. पण नवीन शेळीपालकाचा पहिलाच प्रश्न असतो, "दादा, वजन वाढायची पावडर कुठली?" मी विचारतो, चीक (व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध) कधी पाजला? बऱ्याचदा उत्तर येतं, "जार (वार) पडल्यावर." जार पडायची वाट कशाला बघायची? शेळीच्या करडाला पोटात असताना आईकडून प्रतिकारशक्ती मिळत नाही, ती चिकातूनच येते आणि दिवस उलटला की आतडी ती शोषून घेत नाहीत. तासाभरात पहिला चीक पाजा. चोवीस तासांत वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे दोन किलोच्या करडाला साधारण २०० मिली, तीन-चार वेळा विभागून द्या. इथं चुकलं तर कुठलीच पावडर भरपाई करत नाही.

माझा सगळ्यात जास्त जीव जळतो तो घशात काढा ओतणाऱ्यांवर. शेजारच्या गावात एकानं पोट फुगलं म्हणून करडांची मान आभाळाकडे करून ओव्याचं तेल-पाणी बाटलीनं ओतलं. ठसका लागला, तरी ओतणं थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी करडं धापा टाकत होती, नाकातून फेस येत होता. तेल फुप्फुसात उतरलं होतं. त्यातली दोन दगावली. पाच मिनिटांची घाई नडली.

मी काढा क्वचितच पाजतो. पाजायचाच तर तोंड पाठीच्या रेषेच्या किंचितच वर ठेवतो, बिनसुईची सिरिंज गालफडाच्या कोपऱ्यातून घालतो, घोट गिळल्यावरच पुढचा देतो आणि खोकलं की लगेच मान सोडतो. लहान करडाला तेल घरी पाजूच नका.

पहिले तीन-चार आठवडे कोठीपोट (चारा पचवणारा पोटाचा मोठा कप्पा) तयारच नसतं, त्यामुळे तेव्हा दूध हाच खुराक. दुसऱ्या आठवड्यापासून कोवळा पाला नुसता टांगून ठेवा, चघळू द्या. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चुरतो आणि भरड्यात (भरडलेल्या धान्याच्या खुराकात) चिमटीनं सुरुवात करतो.

सुबाभूळ फुकट मिळते म्हणून तीच घालू नका. त्यातल्या मिमोसिन या विषारी घटकामुळे केस गळतात. मोठ्या शेळीलाही हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आतच द्या.

रक्ती हगवण हळदीनं थांबत नाही. लेंडी दवाखान्यात तपासून घ्या आणि जमीन कोरडी ठेवा. डोळ्याची खालची पापणी आतून पांढरी दिसली, म्हणजे बहुधा जंतांनी रक्त कमी झालं असेल, तर कडुनिंबाच्या भरवशावर बसू नका, डॉक्टरांकडून जंतनाशक घ्या. आंत्रविषार (आतड्यात जिवाणूंचं विष तयार होणारा रोग) आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथरोग) यांची लस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात टोचा. आंत्रविषाराचा दुसरा डोस दोन-तीन आठवड्यांनी द्यायचा असतो, तोच लोक विसरतात.

आणि गुण आला हे नजरेनं ठरवू नका. एकाच वयाची निम्मी करडं पावडरीवर, निम्मी बिनपावडरीची ठेवा आणि दर पंधरवड्याला सकाळी उपाशीपोटी काट्यावर तोला. दोन महिन्यांनी आकडे सारखेच आले, तर त्या पैशांत शेंगदाणा पेंड घ्या.