‘रोज चाला’ म्हणण्याआधी: उपकेंद्रात व्यायामाचा सल्ला कसा द्यावा

सीबॅक फॉर्म (बीपी, शुगरसारख्या आजारांचा धोका तपासायची प्रश्नावली) भरताना ‘आठवड्याला किमान 150 मिनिटं व्यायाम’ या प्रश्नावर निफाड-दिंडोरीकडचा बागाईतदार हमखास सांगतो, “शेतातच चालणं होतं की!” तिथेच खूण करून मोकळं होऊ नका. “काल उठल्यापासून काय काय केलं?” असं विचारा. मळ्यात पायी गेले की मोटारसायकलवर? ठिबक चालू केलं की खोऱ्याने बारे दिले? दम लागेल असं काम किती वेळ चाललं? दिवसभर हात वर करून द्राक्षाची विरळणी करणाऱ्या बाईचे खांदे भरून येतात, पण ठोके फारसे वाढत नाहीत. तो वेळ 150 मिनिटांत धरू नका. उलट, इगतपुरीत दिवसभर भाताची आवणी (लावणी) करून आलेल्या बाईला वर आणखी चालायला सांगणं चुकीचंच. तिला कंबर मोकळी करायचे ताण आणि विश्रांती सांगा, चालण्याचं आवणी उरकल्यावर बघा.

सल्ल्याआधी तपासणी. बीपी 180/110 किंवा जास्त असेल, चालताना छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टर. शुगरच्या पेशंटची चप्पल काढायला लावून तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. जखम असेल तर ती भरेपर्यंत बसून करायचे व्यायाम द्या. ग्लिमेपिराईड (शुगर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी चालायचं नाही, खिशात साखरेची पुडी हवी. हात थरथरले, घाम फुटला, म्हणजे शुगर फार उतरली, की लगेच बसून तीन चमचे साखर खायची, हे घरच्यांनाही सांगा.

वेग कसा सांगायचा? चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. सुरुवात 10 मिनिटांनी, दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवत पाचव्या आठवड्यात 30 मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस.

सल्ला बहुतेकदा वेळ आणि जागेवर अडतो. उसाच्या पट्ट्यात बिबट्याची भीती असते, त्यामुळे वस्तीवरच्या माणसाला पहाटे अंधारात चाला म्हणू नका. बायकांना दोघी-तिघींनी मिळून, उजेड असताना जमतं. ठरलेलं केसपेपरवर लिहा: ‘सोम ते शुक्र, संध्याकाळी साडेपाच, घर ते मारुती मंदिर, दोन फेऱ्या.’ मग पेशंटच्या तोंडून ते वदवून घ्या.

दोन आठवड्यांनी आशाताईंनी “चालता ना?” असं विचारू नये, उत्तर ‘हो’च येतं. “गेल्या आठवड्यात किती दिवस जमलं?” असं विचारावं. तीनपेक्षा कमी असतील तर रागवायचं नाही, काय आडवं आलं ते विचारून वेळ किंवा वाट बदलून द्यायची.