नवा गेम चालेना? ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी या चुका टाळा

नवा गेम 'तुमचे कार्ड चालणार नाही' म्हणाला की बहुतेक जण विंडोजमधले तपासणीचे साधन डीएक्सडायग उघडतात, पहिल्याच पानावर 'डायरेक्टएक्स १२' (गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणारी विंडोजची प्रणाली) वाचतात आणि दोष गेमला देतात. पण ती ओळ विंडोजबद्दल सांगते, कार्डबद्दल नाही. 'डिस्प्ले' टॅबवर जाऊन 'फीचर लेव्हल्स'मधला, म्हणजे कार्डाला काय काय जमते ते सांगणारा, पहिला आकडा बघा. १२_२ असेल तर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून सावल्या-प्रतिबिंबे रेखाटणे) आणि मेश शेडर (वस्तूंचे आकार कार्डावरच झपाट्याने रचण्याची सोय) दोन्ही आहेत. जीटीएक्स १०८० टीआयसारख्या दणकट कार्डावरही तिथे १२_१ च दिसतो. लॅपटॉपवर मात्र 'डिस्प्ले'मध्ये बऱ्याचदा इंटेलची चिप दिसते; खरे कार्ड 'रेंडर' टॅबमध्ये शोधा.

१२_१ आणि १२_२ मधला हा फरक इतकी वर्षे जाणवला नाही, कारण गेम बनवणारे लोकांकडे असलेली कार्डे बघून गेम लिहितात. मेश शेडर असलेली आरटीएक्स २० मालिका सप्टेंबर २०१८ मध्ये आली. तेव्हा घरोघरी जीटीएक्स १०६० होते आणि बरेच मोठे गेम २०१३ च्या प्लेस्टेशन ४ वरही चालवायचे होते. मेश शेडरवर खरोखर विसंबलेला 'ॲलन वेक २' यायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. जीटीएक्स १० मालिकेवर तो इतका रखडत होता, की पुढे मार्च २०२४ मध्ये पॅच काढून त्या कार्डांवरचा वेग सुधारावा लागला.

म्हणूनच 'पुढे लागेल' या आशेवर महाग कार्ड घेऊ नका. आरटीएक्स २०६० जानेवारी २०१९ मध्ये ६ जीबी मेमरीसह आले, रे ट्रेसिंगसकट. रे ट्रेसिंगचे हार्डवेअर सक्तीचे करणारा 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' डिसेंबर २०२४ मध्ये आला, तेव्हा किमान गरज ८ जीबीच्या २०६० सुपरची होती. ज्यांनी रे ट्रेसिंगसाठीच पैसे मोजले, त्यांच्यावर हा अन्यायच आहे. लॅमिंग्टन रोडवर जुने कार्ड घेतानाही 'डायरेक्टएक्स बारा सपोर्ट करतं' एवढ्यावर भुलू नका. मॉडेल आणि मेमरी विचारा.

रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करायला घाईने बायोसमधले, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमधले, सीएसएम (जुन्या पद्धतीने विंडोज सुरू करण्याची सोय) बंद केले आणि विंडोजच उठेना, हेही नेहमीचेच. आधी 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस मोड' बघा. तिथे 'लेगसी' असेल तर डिस्क बहुधा एमबीआर या जुन्या, सीएसएमशिवाय सुरू न होणाऱ्या पद्धतीची आहे. बॅकअप घेऊन आधी ती जीपीटी या नव्या पद्धतीची करा. घोळ झालाच असेल तर सीएसएम पुन्हा चालू करा, विंडोज परत येते.

शेवटचे: ड्रायव्हर बदलल्यावर गेम अडखळू लागला, तर लगेच जुना ड्रायव्हर टाकू नका. बऱ्याच डायरेक्टएक्स १२ गेममध्ये शेडर (चित्र रेखाटणारे छोटे प्रोग्राम) नव्याने तयार व्हावे लागतात. मेनूवर शेडर तयार होण्याची पट्टी पूर्ण भरू द्या, मगच खेळायला बसा.