बंद घरात दुसरं कोणी राहायला लागलंय? या चुका टाळा

या वर्षात आत्तापर्यंत चार जणांचे फोन आलेत मला आणि चौघांचं पहिलं वाक्य एकच होतं, अगं आमच्या घराला दुसरंच कुलूप आहे. एक दांडिया बाजारातला वाडा, एक रावपुऱ्याच्या गल्लीतलं घर, दोन सोसायट्यांमधले टेनामेंट, म्हणजे छोटी स्वतंत्र घरं. सगळीकडे तेच, आजोबांनी बांधलं, मुलं पुण्या-मुंबईला गेली, नातवंडं परदेशात, आणि बडोद्याचं घर 'बघू पुढे काय करायचं ते' या एका वाक्यावर दहा-दहा वर्षं बंद. मी वकील नाही, पण आमच्या आत्याच्या घरापायी दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात एवढ्या चकरा मारल्यात की लोक मलाच विचारतात. आणि खरं सांगायचं तर त्याच त्या चुका पाहून आता जीव कळवळतो, कारण यातल्या बहुतेक वेळेत थांबवता आल्या असत्या.

चूक १: तोंडी 'राहा' म्हणणं

घुसखोर म्हटलं की लोकांना वाटतं कोणीतरी गुंड रात्री कुलूप तोडून शिरला. तसं होतं, नाही असं नाही, पण मी पाहिलेल्या प्रकरणांत बहुतेक ठिकाणी तो माणूस आपणच आत घेतलेला असतो. वॉचमन, कामवाल्या बाईंचा भाऊ, जुन्या भाडेकरूचा पुतण्या, किंवा कोणीतरी अडचणीत असलेलं.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. जुलै २०१९ अखेरीस बडोद्यात जो पाऊस झाला आणि विश्वामित्री शहरात शिरली, तेव्हा आत्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला दादाकडे, म्हणजे तिच्या मुलाकडे होती, कारेलीबागेतलं घर बंद, किल्ली शेजारच्या बेनकडे. त्यांच्या ड्रायव्हरचं झोपडं नदीकाठी, सगळं पाण्यात. बायको, दोन लहान मुलं, म्हातारी आई. आत्याच्या घराचं जोतं उंच म्हणून तिथे पाणी आत आलं नव्हतं. बेनने फोन केला आणि आत्याने एका शब्दात हो म्हटलं. तिचं हो म्हणणं बरोबरच होतं, मीही तेच केलं असतं, माणूस पाण्यात उभा असताना कोणी कागद मागत नाही. चूक झाली ती नंतर. पाणी चार दिवसात उतरलं, आठ दिवसात चिखल काढून झाला, त्या वेळी मी स्वतः तिथे दोनदा जाऊन आले, त्या बाईने मला चहा दिला आत्याच्याच कपात, आणि तरीही मला सुचलं नाही की एक कागद करून घ्यावा. मग गणपती आले, दिवाळी आली, 'मुलांची शाळा मार्चपर्यंत आहे', आणि मार्च २०२० ला लॉकडाऊन. आत्या त्यातच पुण्यात वारली. २०२१ मध्ये मी दारात उभी राहिले तेव्हा आतून नवी कडी होती, ओट्यावर तुळशीच्या जागी मोटरसायकल, आणि ती बाई, जी मला ताई म्हणायची, ती म्हणाली, 'बेने अमने आप्युं छे.' बाईंनी, म्हणजे आत्याने, आम्हाला दिलंय. गेलेलं माणूस येऊन नाही म्हणू शकत नाही.

तर माझी सवय आता अशी, कोणालाही, अगदी सख्ख्या मावसभावालाही, घर उघडून दिलं की दुसऱ्या दिवशी चार ओळी. अमुक कारणासाठी, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, बिनभाड्याने, माझ्या परवानगीने राहतो आहे, सांगाल तेव्हा रिकामं करून देईन. खाली सही, आधारची झेरॉक्स, दोन शेजाऱ्यांच्या सह्या. लोकांना हे लिहून घ्यायला संकोच वाटतो. मला विचाराल तर तो संकोच पुढे फार महाग पडतो, आणि जो मनापासून चार दिवसांसाठी आलाय त्याला सही करायला काही वाटत नाही.

कायद्याचीही बाजू समजून घ्या. दुसऱ्याच्या घरात उघडपणे, सलग, मालकाला न जुमानता १२ वर्षं काढली तर मालकाचा हक्कच संपू शकतो, १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टमध्ये आहे ते. पण जो परवानगीने आत आला त्याला हा दावा करणं फार अवघड, म्हणूनच 'परवानगी' हा शब्द कागदावर असणं सोन्यासारखं आहे. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की केअरटेकर, वॉचमन किंवा नोकर म्हणून राहणाऱ्याला कितीही वर्षं झाली तरी घरात हक्क मिळत नाही. फक्त तो केअरटेकर होता हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. आम्हाला शेवटी वाचवलं ते आत्याच्या एका व्हॉईस मेसेजने, बेनच्या जुन्या फोनमध्ये सापडला, 'पाणी उतरलं की त्यांना जायला सांगा हं, तोवर राहू दे बिचाऱ्यांना.' अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांसाठी आम्ही तो फुटक्या स्क्रीनचा फोन कापडात गुंडाळून कपाटात ठेवला होता.

लाईट कापून टाकणं

घर बंद आहे मग मीटर कशाला, हा विचार करू नका. मीटर काढला की आतला माणूस 'मी इथे राहतो' म्हणून स्वतःच्या नावाने कनेक्शन मागू शकतो, वीज कायदा मालकासारखाच तिथे राहणाऱ्यालाही तो अधिकार देतो. मग त्या बिलावरून बाकीच्या कागदांवरचे पत्ते बदलत जातात. लाईट बिलाने मालकी मिळत नाही, पण तो किती वर्षं राहतोय याचा पुरावा मात्र तयार होतो. किमान बिल भरा, आपल्या नावाने.

वेरा, म्हणजे घरपट्टी, न भरणं. कॉर्पोरेशनचा वेरा दर वर्षी भरा, पावती फाईलला. ती मालकीचा कागद नाही, पण घराकडे आपलं लक्ष होतं एवढं तरी सांगते.

आजोबांच्याच नावावर ठेवणं. सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढून बघा, आजही कितीतरी घरं पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या नावावर आहेत. पेढीनामू म्हणजे वंशावळीचा कागद करा, वारसाई म्हणजे वारसांची नावं चढवा. घुसखोराचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, तुम्ही कोण?

'थोडे पैसे देत जा' म्हणणं. हे मुळीच करू नका! महिन्याला हजार रुपये घेतलेत की तो म्हणणार मी भाडेकरू, आणि मग सगळं प्रकरण भाडे कायद्याच्या वाटेने जातं, ज्याची चाल आणखी मंद.

कोणालाही मुखत्यारपत्र देणं. परदेशातले लोक घाईत गावातल्या कुठल्यातरी ओळखीच्याला सगळे अधिकार लिहून देतात, विकायचासुद्धा. द्यायचं तर फक्त दावा चालवण्यापुरतं आणि घर सांभाळण्यापुरतं द्या. बाहेरून आलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यावर ३ महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरावी लागते हेही विसरतात, आणि कागद वर्षभर पाकिटात पडून राहतो.

चूक २: स्वतः जाऊन कुलूप तोडणं

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या चुकीवर येते, कारण हिच्यात आमचे पूर्ण चौदा महिने गेले.

दादा पुण्याहून आला, रागातच. त्याच्या आईचं घर, आईचा पलंग, आणि तिथे परक्या माणसांचे कपडे वाळत पडलेले, राग येणारच. मी म्हटलं वकिलांकडे जाऊ. तो म्हणाला माझ्या घरात जायला मला वकील कशाला. ती मंडळी लग्नाला गावी गेली होती, त्याने चावीवाला आणला, कुलूप काढलं, त्यांचं सामान ओट्यावर रचलं, नवीन कुलूप लावलं, आणि संध्याकाळी पाच वाजता मला फोन केला, झालं काम. रात्री नऊ वाजता तो चौकीत बसला होता. त्या बाईची तक्रार होती की पेटीतले दागिने गेले, आणि सामान खरंच बाहेर होतं, कुलूप खरंच तोडलेलं होतं, दादाकडे दाखवायला एकही कोर्टाचा कागद नव्हता. पंधरा दिवसांत त्यांनी कोर्टातून आमच्याविरुद्ध मनाईहुकूम आणला, आमचं ऐकून न घेताच, आणि ते कुटुंब पुन्हा आत. मालक बाहेर आणि मालकावरच केस!

हे असं का होतं ते सांगते. जो माणूस घरात स्थिरावलाय, त्याला खऱ्या मालकानेही स्वतःच्या हाताने बाहेर काढायचं नाही, कोर्टातूनच काढायचं, हे सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये पुन्हा ठामपणे सांगितलंय. काल रात्री शिरलेला माणूस वेगळा, त्याला ताबडतोब हटकता येतं, पोलीस बोलावता येतात, गृह-अतिक्रमण हा गुन्हाच आहे, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३२९ खाली येतो. पण एकदा त्याचा गॅस, मुलांची शाळा, रोजचं दूध तिथे सुरू झालं की तो स्थिरावला. म्हणून सगळं काही कळायला किती दिवस लागले यावर आहे. आणि उलटही लक्षात ठेवा, तुम्हाला तुमच्या ताब्यातून जबरदस्तीने कोणी काढलं असेल तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली ६ महिन्यांच्या आत दावा टाकता येतो, त्यात मालकी सिद्ध करत बसावं लागत नाही, आधी ताबा तुमचा होता एवढंच दाखवायचं. ते ६ महिने लोक नातेवाईकांच्या ग्रुपवर चर्चा करण्यात घालवतात. माझ्याकडे आलेल्या चौघांपैकी दोघांचे असेच गेले.

आम्ही काय करायला हवं होतं? कुलूप बदललेलं दिसलं त्याच दिवशी फोटो, शेजाऱ्यांचे जबाब, पोलिसांकडे लेखी अर्ज आणि त्याची शिक्का मारलेली कॉपी (फोनवर सांगितलेलं कुठेच राहत नाही, आणि 'हे सिव्हिल मॅटर आहे' असं म्हणाले तरी अर्ज देऊनच यायचं). मग वकिलांकडून परवानगी रद्द केल्याची नोटीस. आणि त्याच आठवड्यात कोर्टात कॅव्हेट, म्हणजे समोरच्याने मनाईहुकूम मागितला तर आधी आपल्याला बोलावतील. ती ९० दिवस चालते, मग नव्याने टाकायची. आम्ही नंतर हे सगळं केलंच, पण चौदा महिने त्या तोडलेल्या कुलपाचा खुलासा करण्यात गेल्यावर.

लँड ग्रॅबिंगची धमकी देत फिरणं

गुजरातमध्ये २०२० चा लँड ग्रॅबिंगचा कायदा आहे, कलेक्टरकडे अर्ज, कमिटी तपासते, मग गुन्हा, आणि शिक्षा १० ते १४ वर्षं, वर जंत्रीच्या, म्हणजे सरकारी दराच्या, किमतीपर्यंत दंड. खऱ्या जमीनमाफियासाठी हा कायदा हवाच. पण भावाभावांची वाटणी राहिलीय, किंवा आपणच कोणाला राहायला दिलंय, तिथे नुसत्या दबावासाठी हा अर्ज टाकणं मला पटत नाही. पुरात आलेल्या ड्रायव्हरला दहा वर्षं आत पाठवायचं, हे आत्याला चाललं असतं का? आम्ही नाही टाकला. आणि एका भावाने राहत्या घरावर कब्जा केलाय असं असेल तर आधी हे समजून घ्या की सहमालकाचा ताबा कायद्यात सगळ्यांचाच ताबा धरतात, तिथे वाटणीचा दावाच लागतो.

'खाली करून देतो' म्हणणारे

हे लोक घराचा वास लागल्यासारखे येतात. अर्ध्या किमतीत आहे तसं घेतो, किंवा आमची माणसं आठ दिवसांत रिकामं करून देतील. आठ दिवसात होणारं प्रत्येक काम तुमच्या नावावर गुन्हा होऊन परत येतं. घाई असलेल्या माणसांना मी हेच सांगते आणि तेच लोक रागावतात, मग सहा महिन्यांनी फोन करतात.

आमचं शेवटी दावा चालू असतानाच तडजोडीत मिटलं. २०२४ मध्ये. व्हॉईस मेसेज कोर्टात लागल्यावर त्यांच्या वकिलांनीच विषय काढला. मुलांच्या परीक्षा होईपर्यंत दोन महिने मुदत दिली, लेखी, कोर्टासमोर, आणि टेम्पोचे पैसे आम्ही भरले. दादा आधी तयार नव्हता. मी म्हटलं ते दोन महिने आणि टेम्पो हे सगळ्यात स्वस्त आहेत. जाताना त्या बाईने किल्ली माझ्या हातात दिली, बेनच्या नाही.

आता घर अजून बंदच आहे, पण मी महिन्यातून एकदा जाते, आणि एक रात्र राहते. नुसतं बाहेरून कुलूप हलवून येत नाही, खिडक्या उघडते, नळ सोडते, दूधवाल्याला थांबवून बोलते, समोरच्यांच्या ओट्यावर बसते. कडीला आतल्या बाजूने एक लाल दोरा बांधलेला असतो, मागच्या दाराने निघते तेव्हा, पुढचं दार कोणी उघडलं तर तो तुटतो. पाडव्याला गुढी उभारते त्या घरावर, दर वर्षी, आणि खाली उभं राहून त्या दिवशीचं वर्तमानपत्र हातात धरून फोटो काढते. फोटोत घराचा नंबर, गुढी आणि शेजारच्या बेन असतातच. या वर्षी त्यांनी येताना वाटीत श्रीखंड आणलं होतं, आणि विचारलं, 'दादा क्यारे आववाना?' दादा कधी येणार?