आठ दिवसांत अख्खा व्हिएतनाम? या चुका टाळा

मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं सुरू झाली आणि व्हिएतनामचे बेत घरोघरी शिजू लागले. ओळखीतल्या कुणाचा तरी आराखडा 'जरा नजर टाक' म्हणून व्हॉट्सॲपवर येऊन पडतोच, आणि दहातल्या आठांत तेच असतं: हनोई, हा लाँग बे, सापा, दा नांग, होई आन, सायगॉन (म्हणजेच हो ची मिन्ह सिटी), मेकाँगचा त्रिभुज प्रदेश, आठव्या दिवशी परत. कागदावर झकास दिसतं. प्रत्यक्षात निम्मी सहल बॅगा भरण्यात आणि विमानतळावर रांगा लावण्यात जाते.

नकाशा आडवा धरून बघणं

हा देश अरुंद आहे, पण उभा लांबच लांब. हनोई ते सायगॉन रेल्वेनं १,७२६ किलोमीटर, आणि गाडीला तीस तासांहून जास्त लागतात. विमान दोन तासांत पोचवतं, पण हॉटेल सोडण्यापासून पुढच्या हॉटेलात शिरेपर्यंत अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. सापा हनोईपासून रस्त्यानं पाच-सहा तास. तिथे एका रात्रीसाठी जाणं म्हणजे बसच्या खिडकीतून डोंगर बघणं.

आठ दिवस असतील तर उत्तर अधिक मध्य, किंवा मध्य अधिक दक्षिण, एवढंच घ्या. तिन्ही हवेच असतील तर दोन आठवडे काढा. सापा गाळलंत तर हळहळू नका, पण ह्युए ते दा नांग हा रेल्वेचा टप्पा गाळू नका. जेमतेम तीन तासांचा प्रवास, हाय वान घाटाच्या कड्याला चिकटून गाडी जाते. दक्षिणेकडे जाताना डावीकडची खिडकी मागा, समुद्र त्या बाजूला आहे.

'व्हिएतनामला कधी जावं?' असा एकच प्रश्न विचारणं

सगळ्यात जास्त सहली इथे फसतात, कारण आपण हवामान बघून नाही, शाळेची सुट्टी बघून निघतो.

दिवाळीचं घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हनोई आणि हा लाँगची हवा छान असते. त्याच वेळी मधल्या पट्ट्यात, म्हणजे ह्युए, दा नांग, होई आनमध्ये, पावसाचा कळस. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस होई आनच्या जुन्या पेठेत इतकं पाणी चढलं की गल्ल्यांतून होड्या फिरत होत्या. म्हणून दिवाळीत उत्तर पकडा. फोटोतली सापाची सोनेरी भातखाचरं मात्र तेव्हा मिळणार नाहीत. ती सप्टेंबरातली, दिवाळीपर्यंत कापणी उरकलेली असते.

मे महिन्याच्या सुट्टीत उलटा हिशोब. उत्तरेत घामाच्या धारा, दक्षिणेत पाऊस सुरू झालेला, आणि दा नांगचा किनारा स्वच्छ उन्हाचा. नाताळात हनोईला स्वेटर लागतो आणि सापाला जाडजूड जॅकेट. तिथल्या थंडीपेक्षा धुकं जास्त छळतं: तिथल्या फान्सीपान शिखरावर केबल कारनं तीन हजार मीटरवर चढायचं आणि समोर पांढरा पडदा बघून उतरायचं. डिसेंबर ते मार्च दक्षिण बिनघोर.

तारीख ठरवताना तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, टाळा. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात सगळा देश गावी जातो, रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत आणि कितीतरी खाणावळींना कुलूप असतं.

हा लाँगची बोट निघालीच नाही तर?

वादळाचा इशारा आला की बंदराचा विभाग बोटी थांबवतो. त्याबद्दल वाद घालू नका. जुलै २०२५ मध्ये अचानक आलेल्या वादळात तिथे एक पर्यटक बोट उलटून कित्येक जीव गेले. बुकिंग करतानाच विचारा की फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळणार की दुसरी तारीख. हनोईचा एक मोकळा दिवस हा लाँगच्या नंतर ठेवा, आधी नको. समुद्रात जायला मनाई असली आणि जमिनीवर हवा बरी असली, तर निन्ह बिन्हला जा. हनोईपासून शंभरेक किलोमीटर. ट्रांग आनला वल्ह्याच्या होडीतून चुनखडीच्या गुहांखालून जाता येतं. काही ठिकाणी छत इतकं खाली येतं की मान वाकवावी लागते. माझ्या मते गर्दीच्या दिवसातल्या हा लाँगपेक्षा हे सरस.

व्हिसाच्या अर्जातली छोटी अक्षरं

भारतीयांना ई-व्हिसा लागतो. सरकारी शुल्क एकदाच प्रवेश असेल तर २५ डॉलर, अनेकदा असेल तर ५०. सरकारी वाटावी अशी बरीच संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट घेतात, तेव्हा पत्ता नीट बघा. नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टवर असेल तर अर्जातही हवं, अक्षर न् अक्षर जुळवून. चूक राहिली की बहुतेक वेळा नवा अर्ज, नवे पैसे.

आणि एक हमखास फसगत: मध्येच दोन दिवस कंबोडियात 'अंगकोर वाट' मंदिर पाहून परत सायगॉनहून मुंबईचं विमान. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तुम्ही कंबोडियातच अडकाल.

शाकाहारी म्हणून नुसती भाजी मागणं

भाजी येते, पण माशांच्या आंबवलेल्या रसात परतलेली. फो नूडल्समधून मांस काढून टाकलं तरी रस्सा हाडांचाच. त्यांच्याकडे बौद्ध शाकाहारासाठी 'चाय' हा शब्द आहे. तो फोनमध्ये व्हिएतनामी लिपीत ठेवा आणि पाटीवर तो शब्द असलेली खाणावळ शोधा. प्रत्येक मोठ्या शहरात सापडतात, आणि स्वस्तही असतात. ताटात चिकनचा तुकडा किंवा कोळंबी दिसली तर दचकू नका, ती सोयाची नाहीतर कणकेची असते. बऱ्याच देवळांच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य. जैनांनी मात्र कंदमुळांबद्दल वेगळं विचारावं. अमावास्या-पौर्णिमेला तिथले मांसाहारीही चाय खातात, त्यामुळे त्या दिवशी पर्याय वाढतात.

बा ना हिल्सला दिवस, मी सोनला शून्य

बा ना हिल्सचा, दगडी दिसणाऱ्या हातांवर तोललेला सोनेरी पूल २०१८ चा आहे, आणि ते हात दगडाचे नसून फायबरग्लासचे आहेत. जायचं तर जा. पण होई आनपासून साधारण ४० किलोमीटरवर मी सोनच्या दरीत चाम, म्हणजे जुन्या चंपा राज्याच्या, राजांची विटांची शिवमंदिरं आहेत, त्यातलं सर्वात जुनं शिवस्थान भद्रवर्मन राजानं चौथ्या शतकात स्थापलेल्या भद्रेश्वराचं. आपल्या माणसानं तिथपर्यंत जाऊन हे चुकवावं याला काय म्हणावं!

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं इथल्या ए, एच आणि के गटांतल्या मंदिरांची डागडुजी केली. त्या कामात मे २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग मातीतून वर आलं. ए गटातला मुख्य मनोरा १९६९ च्या अमेरिकन बॉम्बफेकीत कोसळला. तिथे आता विटांचा ढीग आणि मोकळं जोतं दिसतं. उरलेल्या मनोऱ्यांच्या विटा जवळून बघा, सांध्यात चुन्याचा थर जवळजवळ दिसतच नाही.

दोन चुका इथेही होतात. एक, भर दुपारी जाणं. दरीत वारा नसतो, सकाळी फाटक उघडताच आत शिरा. दुसरी, दा नांगचं चाम शिल्पसंग्रहालय वगळणं. मी सोनच्या उत्तम मूर्ती फ्रेंच काळातच तिथे हलवल्या गेल्या. संग्रहालय आदल्या दिवशी पाहिलंत तर रिकाम्या गाभाऱ्यांत काय होतं ते कळतं.

निळ्या नोटा

एका रुपयाला साधारण ३०० डोंग. २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळसर, अंधारात सहज गोंधळ. पहिलीचे सुमारे ७० रुपये, दुसरीचे १,७०० च्या आसपास. मोठी नोट पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. टॅक्सी ॲपवरूनच बोलवा, भाव आधी दिसतो.

भाड्याची मोटारसायकल

उत्तरेतल्या हा जांगचे घाट बघून हात शिवशिवतात. दुकानदार परवाना न बघता गाडी देतोही. पण भारतातून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या रस्तेवाहतूक करारानुसार असतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या करारातला मानतो. म्हणजे तो तिथे चालत नाही, आणि अपघात झाला तर प्रवास विमाही हात वर करतो. स्थानिक चालकाच्या मागे बसा. तोच रस्ता, तीच मा पी लेंगची खिंड, आणि दरीकडे बघायला डोळे मोकळे.