मिरचीचा स्प्रे बॅगेतून काढा

शिकायला बर्मिंगहॅमला निघायच्या आदल्या रात्री बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आत्याने बॅगेत मिरचीचा स्प्रे कोंबला. "एकटी मुलगी आहेस, असू दे जवळ." नशीब, आधी तिकडे गेलेल्या एका सीनियरला फोनवर सहज सांगितलं, तर ती ओरडलीच. ब्रिटनमध्ये असा स्प्रे नुसता जवळ बाळगणं हा १९६८च्या शस्त्रकायद्याखाली गुन्हा आहे. उतरल्या उतरल्या आरोपी मीच झाले असते. तिथे चालतो तो पर्सनल अलार्म. पिन ओढली की कानठळ्या बसतात.

आपल्याकडे नवरात्रात रात्री एक वाजता गरब्याहून ॲक्टिव्हावर घरी यायची सवय, त्यामुळे अंधाराची मला फारशी भीती नव्हती. फटका बसला तो भर दुपारी. सहलीला लंडनला गेले होते. स्टेशनबाहेर फूटपाथच्या कडेला उभी राहून मॅप बघत होते. मागून ई-बाइक आली आणि हात रिकामा! ओरडायलाही सुचलं नाही.

फोनचं दुःख दोन दिवसांत ओसरलं. खरा घोळ पुढे होता. सिम गेलं म्हणून बँकेचा ओटीपी येईना. तिथे राहायच्या परवान्याचं, म्हणजे व्हिसाचं, कार्ड आता बंद, सगळं ऑनलाइन. व्हिसाच्या त्या ऑनलाइन खात्यात शिरायचा कोडसुद्धा फोनवर नाहीतर ईमेलवर येतो आणि माझ्या ईमेलचा पासवर्ड फक्त त्या फोनलाच पाठ होता. पार्टटाइम नोकरीवाले व्हिसाचा पुरावा मागत होते, मी हात चोळत बसले होते.

म्हणून निघण्याआधी स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून आयएमईआय नंबर (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) वहीत उतरवा आणि त्याची एक प्रत आईकडे ठेवा. जुना फोन फेकू नका, न्या बरोबर. फोन गेला की कुणाच्या तरी फोनवरून आधी १५९ लावा. बहुतेक मोठ्या बँकांना तिथून जोडून देतात. ९९९ हा नंबर संकट समोर उभं असताना लावायचा. चोर पळून गेल्यावर पोलिसांच्या १०१ वर किंवा ऑनलाइन तक्रार. गुन्ह्याचा क्रमांक मागून घ्या, विम्याला लागतो. (मी विमा काढलाच नव्हता, ते सोडा.) ट्रेनमध्ये कुणी त्रास देत असेल तर रेल्वे पोलिसांना ६१०१६ वर मेसेज करा, बोलायची गरज नाही.

पण मला सर्वांत जास्त सांगायचंय ते आपल्या माणसाची भीड पडते त्याबद्दल. बर्मिंगहॅमला आमच्या गल्लीत एक मुलगा राहायचा, आपल्या कारेलीबागेतला. मराठी-गुजराती मिसळून बोलायचा, मला ताई म्हणायचा. एक दिवस म्हणाला, "ताई, माझं खातं उघडायचंय अजून. काकांचे दोन हजार पाउंड तुझ्या खात्यात घेऊ? पन्नास तुला ठेव." आपल्या गावचा, नाही कसं म्हणणार? मी सरळ खोटं बोलले, "बाबांना विचारावं लागेल." त्याने पुन्हा विषय काढला नाही. माझ्याबरोबर त्याच घरात भाड्याने राहणारी एक मुलगी मात्र हो म्हणाली. तीन आठवड्यांत तिचं खातं गोठलं. ते पैसे कुणाच्या तरी फसवणुकीतले होते. फसवणुकीची अशी नोंद बँकांकडे सहा वर्षं राहू शकते, दुसरी बँक दारात उभी करत नाही. मनी लाँडरिंगला, म्हणजे गुन्ह्याचे पैसे असे फिरवण्याला, कायद्यात चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिला वाटत होतं, मदत केली.

'होम ऑफिसातून (व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्यातून) बोलतोय, दंड भरा नाहीतर परत पाठवू' असे फोन येतील. स्क्रीनवर नंबरही खरा दिसू शकतो. सरकारी खातं फोनवर पैसे मागत नाही. फोन ठेवून द्या.

आणि खोली. बडोद्यात बसून फोटो बघून डिपॉझिट भरू नका. पहिले दोन आठवडे विद्यापीठाच्या हॉस्टेलात काढा, खोली डोळ्यांनी बघा. इंग्लंडमध्ये साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही आणि नेहमीच्या भाडेकरारात घरमालकाने ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवायचं असतं. पावती मागा. मालक मराठी निघाला तरी मागा.