गाडी उचलली, टायर मोठे घातले. आता अलाइनमेंट कसं करावं?

बेळगावातून चोर्ल्याच्या वाटेला लागलं की जांबोटी ओलांडल्यावर गाडीचा खरा स्वभाव कळतो. वळण संपलं की स्टिअरिंग आपणहून सरळ यायला पाहिजे. ते आलं नाही, हातानं ओढून आणावं लागलं, तर अलाइनमेंट झालेलं नाही. मग दुकानातल्या कागदावर आकडे कितीही हिरवे असोत.

ते हिरवे आकडे कंपनीच्या उंचीचे असतात. सस्पेन्शन बदलून गाडी दोन इंच उचलल्यावर (ह्यालाच लिफ्ट म्हणतात) मशीनला त्यातलं काही ठाऊक नसतं. दुकानातला पोरगा टो जुळवतो आणि कॅस्टरचा लाल आकडा दाखवून (हे चाकांचे कोन, पुढे सांगतो) म्हणतो, “अण्णा, ह्या गाडीत ते होत नाही.” त्याचं अर्धं बरोबर आहे. अखंड ॲक्सलच्या गाडीत, जिथं पुढची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर असतात, म्हणजे जिप्सी, जिम्नी किंवा जुनी जीप, कॅस्टर फिरवायला बोल्टच नसतो. पण होत नाही म्हणून सोडून देण्यासारखी ती गोष्ट नव्हे.

हे सगळं करण्याआधी कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. नंबर केए २२ चा असो वा केए २३ चा, विमा कंपनीला विचारल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

आता कोनांकडे. टो म्हणजे वरून बघितल्यावर चाकांची बोटं आत वळलीत की बाहेर. कँबर म्हणजे समोरून बघितल्यावर चाक उभं आहे की कललेलं. कॅस्टर समजायला सायकल बघा: पुढचा फोर्क मागे झुकलेला असतो, म्हणून हात सोडूनही सायकल सरळ जाते. गाडी उचलली की सगळ्यात आधी बिघडतो तो कॅस्टर. जिम्नीसारख्या गाडीत ॲक्सल लांब दांड्यांना जखडलेला असतो. चेसिस वर गेली की दांडीचं पुढचं टोक चेसिसच्या मानानं खाली जातं आणि ॲक्सलही तेवढाच पुढे कलतो. दांडी ७०० मिमीची धरली, तर ५० मिमी उचलल्यावर साधारण ४ अंश गेले. मूळचा कॅस्टरच मोजका असतो, त्यात ४ अंश म्हणजे जवळजवळ सगळा.

म्हणून पहिली पायरी लिफ्टच्या आधीची. ॲक्सलवरच्या एखाद्या सपाट, घासलेल्या जागी मोबाइलचा कोनमापक टेकवून आकडा लिहून ठेवा आणि लिफ्टनंतर त्याच जागी पुन्हा मोजा. खरा कॅस्टर त्यातून कळत नाही, पण किती गेला ते कळतं, आणि आपल्याला तेवढंच पाहिजे.

दुसरी पायरी ढिलाईची. चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. खट्-खट् आवाज आला तर बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉडची (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांडीची) टोकं, सगळं आधी बदला. मोठा टायर जड असतो. लहान टायरवर न कळलेली ढिलाई तो साठ-सत्तरच्या वेगात स्टिअरिंग थरथरवून दाखवतो. त्यावर स्टिअरिंग डँपर (थरथर शोषणारा शॉक) घालणं म्हणजे दुखण्यावर पांघरूण घालणं.

तिसरी गोष्ट गॅरेजवाले हमखास चुकतात. दांड्यांचे आणि पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) रबरी बुश गाडी जॅकवर लोंबकळत असताना कधीही कसायचे नाहीत. बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून हलवा आणि मगच कसा. नाहीतर रबर पिळलेलं राहतं, गाडी खोट्या उंचीवर उभी राहते आणि तुम्ही त्या खोट्या उंचीचं अलाइनमेंट करून घेता.

आता कॅस्टर परत आणायचा. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत कॅस्टर सुधारणारे ऑफसेट बुश किंवा बदललेले ब्रॅकेट लागतात. पाट्यांच्या गाडीत पाटे आणि ॲक्सलच्या मध्ये पाचर. ही पाचर बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही चांगल्या मशीन शॉपमध्ये करून मिळते, पण पोलादाचीच सांगा, ॲल्युमिनियमची तडकते. पाट्यावरची बैठक १०० मिमी लांब असेल तर २ अंशांसाठी दोन टोकांच्या जाडीत साडेतीन मिमीचा फरक पुरतो. पाट्यांचा मधला बोल्टही मग लांब घ्यावा लागतो.

पाचरीची जाड बाजू कुठं? इथं मी स्वतः फसलोय. पाटे ॲक्सलच्या खाली असतील, जसे जिप्सीला मुळात असतात, तर जाड बाजू पुढे. पाटे ॲक्सलच्या वर घेतले असतील तर जाड बाजू मागे. मी कुठंतरी बघितलेलं डोक्यात ठेवून उलटी बसवली. निपाणीच्या रस्त्याला हायवेवर गाडी उसाच्या ट्रॉलीमागून बाहेर काढली आणि स्टिअरिंग हातात मुरमुऱ्यासारखं उडायला लागलं. होता तोही कॅस्टर मी घालवला होता. घरी येऊन पाचर फिरवायला अर्धा तास लागला. लाज जायला जास्त.

पण हाव नको. कॅस्टर वाढवला की पुढच्या डिफरन्शिअलचं तोंड खाली जातं आणि प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट जास्त वाकतो. दोन-तीन अंशांच्या पुढे गेलात तर फोर बाय फोरमध्ये घरघर ऐकू येईल.

पॅनहार्ड रॉड, म्हणजे ॲक्सलला चेसिसशी आडवा बांधणारा दांडा, असलेल्या गाडीत लिफ्टमुळे अख्खा ॲक्सल एका बाजूला सरकतो. गवंड्याचा ओळंबा घ्या, दोन्ही बाजूंना चेसिसपासून टायरपर्यंतचं अंतर मोजा. फरक दिसला तर लांबी बदलता येणारा रॉड घाला. थारसारख्या गाडीचा पुढचा भाग स्वतंत्र सस्पेन्शनचा आहे. तिथं उंची वाढली की कँबरही बिघडतो. तिचं काम मशीनवरच करावं, आधी कँबर आणि कॅस्टर, टो सगळ्यात शेवटी. पहिल्या दोन्हींना हात लावला की टो हलतोच.

अखंड ॲक्सलचा टो मात्र घरच्या अंगणात जमतो. आधी गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं फरशी समतल आहे का बघा. टायरमध्ये हवा सारखी भरा. पुढची चाकं उचलून एकेक हातानं फिरवा आणि लाकडाच्या ठोकळ्यात ठोकलेला खिळा ट्रेडला टेकवून अख्ख्या घेरावर एक बारीक रेघ ओढा. मातीच्या टायरचे ठोकळे ओबडधोबड असतात, त्यांच्या कडेवरून माप घेऊ नका. ही आपली रेघच खरी. गाडी उतरवून दोन-तीन मीटर पुढे ढकला. मागे घेऊ नका, नाहीतर टाय रॉडची ढिलाई उलट्या बाजूला बसते.

स्टिअरिंग सरळ करून चाकाच्या मध्याच्या उंचीवर दोन्ही रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. मध्ये इंजिन आडवं येतं, म्हणून ओळंब्यानं चारही बिंदू फरशीवर उतरवा, खडूनं खूण करा, गाडी बाजूला घ्या आणि निवांत टेप लावा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा एक ते तीन मिमी कमी पाहिजे. गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच धरा. टाय रॉडचे लॉकनट सैल करून रॉड फिरवा, पुन्हा पुढे ढकला, पुन्हा मोजा. तीन-चार फेऱ्या होतातच, चहा सांगून ठेवा. टो जुळल्यावर स्टिअरिंग वाकडं राहिलं तर ते ड्रॅग लिंकवर (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीवर) सरळ करा, टाय रॉडला पुन्हा हात लावू नका. जिम्नी, नवी थार अशा ईएसपीच्या (घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत स्टिअरिंगचा सेन्सर स्कॅनरनं शून्यावर आणून घ्या.

स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा, टायर कुठं घासत नाही ना बघा. स्पीडोमीटरही आता खोटं बोलतो: २४५/७५ आर१६ च्या जागी २६५/७५ आर१६ घातला तर काटा ८० दाखवताना गाडी ८३ नं पळते.

लॉकनट कसून झाले की नट आणि रॉडवर मिळून पांढऱ्या रंगाचा एक पट्टा मारा. नवे स्प्रिंग पहिल्या काही आठवड्यांत थोडे बसतात, म्हणून ५०० किमीनंतर उंची आणि टो पुन्हा मोजायचाच. त्या दिवशी तळहात ट्रेडवरून आधी आडवा आत, मग बाहेर फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो चुकलाय. मग गाडीखाली वाकून तो पांढरा पट्टा बघा; तुटलेला दिसला तर लॉकनट सुटलाय.