वेगवेगळ्या काळातल्या मिडलवेट बॉक्सरांची तुलना करताना वजनाचा हिशेब कसा मांडावा

व्यावसायिक मिडलवेटची मर्यादा १६० पौंड, म्हणजे ७२.५७ किलो. हॅरी ग्रेब १९२३ मध्ये जगज्जेता झाला तेव्हाही हीच होती, आजही हीच आहे. त्यामुळे १९५० च्या आसपासचा शुगर रे रॉबिन्सन भारी की अलीकडचा गोलोव्किन, हा वाद समान वजनाच्या दोघांचा वाटतो. पण वजन कधी घ्यायचं ती वेळ बदलली आहे. तुलना नेमकी तिथेच फसते.

आधी वहीत तक्ता आखा. एक ओळ एका लढतीची, एका बॉक्सरची नव्हे, कारण एकाच माणसाचं वजन दहा वर्षांत बरंच बदलतं. रकाने असे: तारीख, दोघांचं काट्यावरचं वजन, वजन कधी घेतलं, त्यानंतर किती तासांनी घंटा वाजली, ठरलेले राउंड, उंची, हातांची पोच.

मग फरक टक्केवारीत काढा. दोन वजनांतल्या फरकाला हलक्या बॉक्सरच्या वजनानं भागून १०० नं गुणायचं. फेब्रुवारी १९४३ मध्ये डेट्रॉइटला जेक लामोटानं शुगर रे रॉबिन्सनला हरवलं तेव्हा तो सुमारे १६ पौंडांनी जड होता. रॉबिन्सन १४४ च्या आसपास होता, म्हणजे फरक ११ टक्के. फेब्रुवारी १९५१ मध्ये शिकागोत रॉबिन्सन १५५.५, लामोटा १६०, फरक ३ टक्क्यांहूनही कमी. तेराव्या राउंडला रॉबिन्सन जिंकला. नावं तीच, पण ‘रॉबिन्सन विरुद्ध लामोटा’ असा एकच निष्कर्ष या दोन ओळींतून निघत नाही.

सगळ्यात जास्त वेळ तासांच्या रकान्याला द्या. पूर्वी लढतीच्याच दिवशी वजन घेत, त्यामुळे काट्यावरचा माणूस आणि रिंगमधला माणूस जवळपास एकच असे. १९८० च्या दशकात आदल्या दिवशी वजन घेण्याची पद्धत रुळली. त्या दशकातली प्रत्येक लढत स्वतंत्र तपासा, सरसकट एका बाजूला टाकू नका. आता बॉक्सर शरीरातलं पाणी काढून काट्यावर उतरतो आणि रात्रभरात ते भरून काढतो. आयबीएफ या जागतिक बॉक्सिंग संघटनेच्या किताबासाठी लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन होतं. तिथे मर्यादेपेक्षा १० पौंडांहून जास्त चालत नाही. मे २०१९ मध्ये मेक्सिकोच्या कॅनेलोविरुद्धच्या करारात मिडलवेट डॅनियल जेकब्सला लढतीच्या सकाळसाठी १७० पौंडांची मर्यादा होती. आदल्या दिवशी १६० मध्ये बसलेला जेकब्स ती साडेतीन पौंडांहून जास्त ओलांडून बसला. म्हणजे १७३ च्या वर. जोई मॅक्सिम १९५२ मध्ये लाइट हेवीवेटचा, म्हणजे मिडलवेटच्या वरच्या गटाचा, जगज्जेता म्हणून लढला, तेव्हा त्याचं वजन १७३ होतं!

तरीही आजच्या प्रत्येकाला डोळे झाकून १२ पौंड चढवू नका. २००४ मध्ये डे ला होयाविरुद्ध बर्नार्ड हॉपकिन्स १५६ वरच काट्यावर आला होता. लढतीच्या रात्रीचं वजन नोंदलेलं नसेल तर रकाना कोरा ठेवा.

यानंतर नियम एकच ठरवा: एक तर त्याच दिवशी वजन आणि १५ राउंड, नाही तर आदल्या दिवशी वजन आणि १२ राउंड. दोन्ही बॉक्सरांना तोच नियम लावा. १५७ चा रॉबिन्सन जसाच्या तसा आजच्या रिंगमध्ये आणून १७२ च्या माणसासमोर उभा करणं हा सरळ अन्याय आहे. आजच्या सोयी मिळाल्या तर तो बहुधा १४७ किंवा १५४ पौंडांच्या गटातच लढेल. १५४ चा गट १९६२ मध्ये आला, १६८ चा १९८४ मध्ये. त्याआधी मधल्या वजनाच्या माणसाला खाली उतरावं तरी लागे, नाही तर वरच्यांशी भिडावं लागे. उलट जेकब्सला १९५१ मध्ये न्या, दुपारी १६० वर उतरवा आणि त्याच रात्री लढवा. तो कोरडा पडलेला असेल. माझ्या मते तेव्हा तो लाइट हेवीवेटच ठरला असता.

उकाड्याची नोंदही हवी. जून १९५२ मध्ये न्यूयॉर्कला रॉबिन्सन १५७.५ वर मॅक्सिमशी लढला, म्हणजे जवळपास १० टक्के हलका असून गुणांवर पुढे होता. दिव्यांखाली पारा ४० अंशांच्या आसपास होता. दहाव्या राउंडनंतर रेफ्री बदलावा लागला आणि तेरावा संपल्यावर रॉबिन्सन स्टुलावरून उठूच शकला नाही. मे महिन्यात नागपुरात मानकापूरच्या क्रीडा संकुलात सरावाआधी आणि सरावानंतर काट्यावर उभं राहून पाहा. किलोभर वजन नुसत्या घामानं जातं. हे पाणी परत प्यायचंच असतं. नागपूरच्या उन्हाळ्यात पोरांनी वजन बसवायला पाणी तोडणं जिवावर बेतू शकतं.

हौशी बॉक्सरांना याच तक्त्यात बसवायचं असेल तर गटाच्या नावावर जाऊ नका. विजेंदर सिंगनं २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मिडलवेटचं कांस्य जिंकलं, पण तिथली मर्यादा ७५ किलो, म्हणजे १६५ पौंड, आणि वजन लढतीच्याच दिवशी सकाळी. त्याची ओळ जुन्या पद्धतीच्या बाजूला जाते, तीही १६० च्या वर. व्यावसायिक झाल्यावर तो १६८ च्या सुपर मिडलवेटमध्ये लढला.